आवाज बंद केलेली टेप

कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ तेव्हा एक पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ होता. तेव्हा म्हणजे अठ्ठ्याण्णव साली. खिशात फोन घेऊन फिरणारी माणसं पुण्यात बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि ती सगळी गरजेपेक्षा मोठ्याने बोलायची. बाकीचे आपण रांगेत. काचेच्या खोक्यात एक माणूस, बाहेर पाच, आणि आतलं ऐकू येत नसलं तरी त्याच्या चेहऱ्यावरून बाहेरचे पाच जण सगळी हकिगत जुळवत उभे. पोराला नोकरी लागली, मुलगी बारावीला घसरली, गावाकडे कुणीतरी गेलं... काचेतून सगळं दिसायचं.

श्रावणातल्या एका संध्याकाळी, पाऊस ये-जा करत असताना, आम्रपाली त्या रांगेत पहिली उभी होती. विश्रांतवाडीला घरी फोन करून ‘उशीर होईल’ एवढंच तिला सांगायचं होतं. पण आतला तरुण बोलतच नव्हता. रिसीव्हर कानाला, ओठ घट्ट मिटलेले, डोळे जमिनीकडे. मानेची शीर तेवढी ताठ झालेली.

“झोप लागली वाटतं,” मागून कुणीतरी म्हणालं. रांग हसली.

बूथवाले बद्रीनाथ काउंटरवरून उठले आणि पेनाने काच वाजवून म्हणाले, “अहो, फोन बोलण्यासाठी असतो. नुसता धरायचा असेल तर घरी धरा.”

तरुणाने मान वर केली. आणि त्या क्षणी आम्रपालीला कळलं, हा झोपलेला नाही की रुसलेला नाही. ओठ बंद, हवा आत कोंडलेली. शब्द ‘प’ किंवा ‘ब’ने सुरू होणारा. बूथपासून तिसऱ्या गल्लीत एका स्पीच थेरपीच्या क्लिनिकमध्ये ती दोन वर्षं हेच काम करत होती.

अशा वेळी लोक तीन गोष्टी करतात. हसतात, नाहीतर घाईघाईने दुसरीकडे बघतात, नाहीतर शब्द पुरा करून मोकळे होतात. ‘सावकाश, सावकाश’ म्हणणारे तर सगळ्यांत वाईट. आम्रपालीने यातलं काही केलं नाही. ती काचेच्या त्या बाजूला गेली जिथून ती त्याला दिसेल, आणि नुसती उभी राहिली. खांदे सैल. भुवया किंचित वर. मला घाई नाही, असं सगळा चेहरा म्हणत होता, आणि गंमत म्हणजे तिला खरंच तेव्हा घाई वाटत नव्हती.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग ओठ उघडले. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण बोलला.

बाहेर आल्यावर तो तिच्याजवळ थबकला. “तुम्ही ह... हसला नाहीत.”

“हसण्यासारखं काही झालंच नव्हतं.”

“बाकीच्यांना तर वाटलं.”

“त्यांना ट्रेनिंग नाही,” ती म्हणाली, आणि तो हसला. कपाळावरचे ओले केस त्याने मागे सारले, नि तिला उगाचच वाटलं की हे केस पुन्हा पुढे येणार. आले.

“कोणता शब्द होता?” तिने विचारलं.

“माझंच नाव. आईवडिलांनी फार हौसेनं ठेवलंय... जोडाक्षरासकट.” त्याने श्वास घेतला. ओठ मिटले. ती थांबली. “प्... प्रज्ञेश.”

“मी आम्रपाली.”

“हे बरं आहे,” तो म्हणाला. “हे मला येतं. आम्रपाली.” एकही अडथळा न येता त्याने ते म्हटलं, आणि आपलं नाव इतकं लांब आणि इतकं चांगलं आहे हे तिला पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. तिने त्याला क्लिनिकचा पत्ता दिला. घरी फोन करायचा मात्र राहून गेला, आणि त्याबद्दल तिने आईची रीतसर बोलणी खाल्ली.

क्लिनिक पहिल्या मजल्यावर होतं. खाली कॉम्प्युटर क्लास. त्या वर्षांत कोथरूडमध्ये प्रत्येक जिन्याखाली एकतरी असायचाच. दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर गोंधळणार म्हणे, कारण त्यांच्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले. प्रज्ञेश ज्या कंपनीत होता तिथे दिवसभर तेच काम चालायचं, दोनाचे चार करण्याचं. तो कामात हुशार होता. म्हणूनच कंपनीने त्याचं नाव अमेरिकेला पाठवायच्या यादीत घातलं होतं. अठरा महिन्यांचं काम. पण त्याआधी तिकडची माणसं टेलिफोनवरून मुलाखत घेणार होती, फेब्रुवारीत.

“समोर माणूस असला तर निदान हात हलवता येतो,” तो म्हणाला. “फोनवर मी ग... गप्प झालो की त्यांना वाटणार, लाइन कट झाली.”

मंगळवार आणि शुक्रवार, सहा वाजता. आम्रपालीच्या कामात बोलणं थोडं आणि बाकीचंच फार असायचं. खुर्च्या सारख्या उंचीच्या. अगदी समोरासमोर बसायचं नाही, किंचित तिरपं बसायचं, म्हणजे पेशंटला नजर हलवायला जागा राहते. घड्याळ त्याच्या पाठीमागे. हात मांडीवर, उघडे. तो अडला की पेन हलवायचं नाही, पापणी फार लववायची नाही, मनात आकडे मोजायचे आणि चेहऱ्यावर ते दिसू द्यायचे नाहीत. शब्द आला की हलकी मान. बस.

पहिल्या महिन्यात तो एका वाक्याला तीनदा अडायचा. दिवाळीपर्यंत एकदा. नोव्हेंबर संपता संपता तो सबंध पान वाचून दाखवू लागला, आणि वाचून झालं की कागदावरून मान वर करून म्हणायचा, “शाबासकी?”

“ती लहान मुलांना देतो आम्ही. स्टिकर असतो.”

“मग स्टिकर द्या.”

“सत्तावीस वर्षांच्या माणसाला?”

“आम्रपाली मॅडम, मेहनत बघा, वय काय बघता...”

तिने खरंच दिला. निळ्या माशाचा. पुढच्या मंगळवारी तो त्याच्या ऑफिसच्या ओळखपत्रावर चिकटवलेला होता, फोटोच्या शेजारी. तिने तो पाहिला आणि नजर फाइलमध्ये घातली. तिला आतून इतकं बरं वाटत होतं की त्या दिवशी तिने फाइलमध्ये तारीखच चुकीची घातली.

एक गोष्ट मात्र दोघांनाही कोड्यात टाकत होती. खोलीत तो घडाघडा बोलायचा. ऑफिसात फोन उचलला की पहिल्या दिवसासारखा थिजायचा. डिसेंबरात कंपनीने मुलाखतीची एक तालीम घेतली, तेव्हा त्याला स्वतःचं नावही सांगता आलं नाही. मॅनेजरने हळूच दुसऱ्या एकाचं नाव यादीत खाली लिहून ठेवलं.

“इथे येतं,” तो म्हणाला. ओळखपत्र खिशात होतं त्या दिवशी. “तिथे का येत नाही?”

तिने त्याची फाइल पहिल्या पानापासून पुन्हा चाळली.

उत्तर सापडलं ते शनिवारी दुपारी. क्लिनिकची एक पद्धत होती. प्रत्येक थेरपिस्टच्या एका सेशनची व्हिडिओ टेप काढायची, आणि ती सगळ्यांत ज्येष्ठ हेमा मॅडमनी महिन्यातून एकदा बघायची, टीव्हीचा आवाज संपूर्ण बंद करून.

“पेशंटला ऐकायचं असतं,” हेमा मॅडम म्हणायच्या. “थेरपिस्टला बघायचं असतं. तोंडाने आपण सगळेच शहाणे असतो.”

त्या दिवशी खोलीत खुशनुमाही होती. कसबा पेठेतून रोज दोन बस बदलून येणारी ही आम्रपालीची सहकारी आणि जिवाभावाची मैत्रीण. टेप लागली. पडद्यावर प्रज्ञेश आणि आम्रपाली, दोघंही मुके. आम्रपाली निर्धास्त बसली होती. तिची बैठक बरोबर होती, हात उघडे होते.

हेमा मॅडमनी टेप मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा मागे घेतली.

“काय दिसतं?”

“तो छान बोलतोय, मॅडम.”

“त्याला नको बघू. स्वतःला बघ.”

तिने बघितलं. पडद्यावरचा प्रज्ञेश एका शब्दाशी आला. तो अडायच्या आधीच पडद्यावरच्या आम्रपालीची हनुवटी केसभर वर गेली. तिचे ओठ मिटले. मग तिचे ओठ उघडले, आणि पाठोपाठ त्याचे. पुढचा शब्द. पुन्हा तसंच. आधी ती, मग तो. त्याची नजर सबंध वेळ तिच्या तोंडावर खिळलेली.

“तो बोलत नाहीये,” हेमा मॅडम म्हणाल्या. “तो तुझ्यावरून वाचतोय. आता टेलिफोनमध्ये तुझं तोंड कुठून आणायचं त्याने?”

आम्रपाली पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिली. चार महिने ती त्याला मदत करते आहे असं समजत होती, आणि चार महिने ती त्याचे शब्द स्वतःच्या ओठांत धरून बसली होती.

“आणि हे एक.” मॅडमनी टेप थांबवली. चित्र थरथरत उभं राहिलं. प्रज्ञेशचं वाक्य संपलं होतं आणि आम्रपाली हसत होती. नुसती मान हलवायची होती तिथे ती सगळ्या चेहऱ्याने हसत होती, आणि त्याच्याकडे अशी बघत होती की खुशनुमा मुकाट्याने पंख्याकडे बघू लागली.

“हे आपल्या अभ्यासक्रमात नाही,” मॅडम म्हणाल्या. “कधीपासून?”

“मला... मला माहीत नव्हतं, मॅडम.”

“तुला नसेल. चेहऱ्याला होतं.” मग त्यांनी टीव्ही बंद केला, आणि त्यांचा आवाज पुष्कळ मऊ झाला. “मुलाखतीला सहा आठवडे आहेत. तू त्याला खुशनुमाकडे देणार आहेस. आणि तो पेशंट आहे तोवर त्याला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर तो खुशनुमासमोर बसेल, पण शोधेल तुलाच.”

मॅडमचं खरं होतं, आणि म्हणूनच ते फार लागलं. त्या रात्री घरी जेवताना आईने दोनदा विचारलं, दाढ दुखते का म्हणून. आम्रपाली हो म्हणाली.

मंगळवारी तिने त्याला सांगितलं. तिरपं न बसता समोर बसून, हात टेबलाखाली घट्ट धरून. “माझ्यासमोर तुम्ही माझ्या चेहऱ्याच्या आधाराने बोलता. चूक माझी आहे. शुक्रवारपासून तुम्हाला खुशनुमा मॅडम शिकवतील.”

तो बराच वेळ गप्प होता. अडला नव्हता, गप्प होता. हा फरक तिला कळायचा.

“एक विचारू? तुम्ही जे... जसं बघायचात. तो स्टिकर. ते सगळं...” ओठ मिटले. तिने आपली हनुवटी गच्च धरून ठेवली, दातावर दात रोवून. शब्द यायला फार वेळ लागला. “ते कामाचा भाग होतं का?”

नाही म्हटलं असतं तर? तो त्या खुर्चीतून उठलाच नसता. मुलाखत गेली असती, यादीतलं नाव गेलं असतं, आणि फोन वाजला की थिजणं जन्मभर मागे राहिलं असतं. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून एका क्षणात गेलं.

“हो,” ती म्हणाली. चेहरा इतका सपाट ठेवला की हेमा मॅडमनी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

त्याने मान डोलावली. “चांगलं करता तुम्ही काम,” तो म्हणाला आणि गेला. जिन्यावरून त्याची पावलं खाली जाईपर्यंत ती बसून राहिली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून मनसोक्त रडली.

सहा आठवडे. मंगळवारी आणि शुक्रवारी सहा वाजता आम्रपाली मुद्दाम आतल्या खोलीत लहान मुलांना घेऊन बसायची. भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा. अडायचा. खूप अडायचा, आधीपेक्षाही जास्त, आणि तिला उठून जावंसं वाटायचं. ‘ससा’ म्हणायला शिकणारी एक चिमुरडी तिच्याकडे बघून एकदा म्हणाली, “ताई, तू थांबली का?” मग हळूहळू पलीकडचं अडणं बदललं. थांबायचा, पण घाबरून नाही. पुन्हा सुरू व्हायचा.

“कसा आहे?” तिने एकदाच विचारलं.

“पेशंटबद्दल बोलायचं नसतं, ठाऊक आहे ना?” खुशनुमा म्हणाली. डबा उघडत तिने तिच्याकडे बघितलं आणि तिला राहवलं नाही. “एवढंच सांगते. मी त्याच्याकडे पाठ करून बसते. सबंध तास. माझी मान धरलीय तुझ्यापायी.”

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, हवेतला गारवा सरत आला होता तेव्हा, खुशनुमाने एक फाइल कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. “बंद झाली,” ती म्हणाली. “आता तो कुणाचाच पेशंट नाही. उगीच आपलं, माहिती म्हणून.”

संध्याकाळी आम्रपाली बसस्टॉपवर आली तर तिथे एक जुनी आकाशी स्कूटर उभी होती आणि तिच्यावर प्रज्ञेश.

“विश्रांतवाडीला सोडतो,” तो म्हणाला.

“तुमचं घर इकडे आहे. विश्रांतवाडी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.”

“माहीत आहे. म्हणूनच.”

ती बसली, मागच्या स्टेपनीला धरून, मध्ये पर्सचं अंतर ठेवून. कर्वे रोड गेला, डेक्कन गेलं. जंगली महाराज रस्त्यावरची झाडं तेव्हा वरून एकमेकांना भिडलेली असायची. त्यांच्याखालून जाताना क्षणभर थंडी वाजायची. तिच्या लक्षात आलं की स्कूटरचा आरसा वर आभाळाकडे वळवलेला आहे. त्यात नुसत्या फांद्या पळत होत्या.

“मुलाखत?” तिने विचारलं.

“झाली. पहिल्यांदाच सांगून टाकलं, मी अडखळतो, तुम्हाला थांबावं लागेल. ते म्हणाले, थांबतो. मग मी घेतला माझा वेळ.” गाडीच्या आवाजात तो ओरडून बोलत होता. “वीस तारखेला जायचंय.”

तिचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी वीस तारीख तिच्या काळजात रुतली. आज बारा होती.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या चौकात सिग्नल लाल झाला. दोन्ही बाजूंना स्कूटर, लुना, सायकली येऊन थांबल्या. प्रज्ञेशने इंजिन बंद केलं. मागे वळला नाही.

“खुशनुमा मॅडमसमोर सहा आठवडे बसलो मी,” तो समोर बघत म्हणाला. “म्हणजे त्यांच्या प... पाठीसमोर. शेवटच्या दोन आठवड्यांत त्या वळल्या. फार छान शिकवतात. तुमचंच ट्रेनिंग. भुवया वर करतात, मान हलवतात, हात उघडे. सगळं तेच.”

“मग?”

“पण त्या तसं बघत नाहीत. तुम्ही बघायचात तसं. तेव्हा मला कळलं, ते कामाचा भाग नव्हतं.”

स्टेपनीवरची तिची बोटं पांढरी पडली.

“घरी येऊन सांगितलं असतं. पण मग तुमचा चेहरा दिसला असता, आणि मी त्याच्यावरून बोललो असतो. हे मला माझं मला बोलायचंय.” त्याने श्वास घेतला. “माझं तुमच्यावर... प्...”

सिग्नल हिरवा झाला.

मागून हॉर्न सुरू झाले. आधी एक, मग दहा. तो हलला नाही. त्याची पाठ ताठ झाली होती, मानेची शीर दिसत होती. कोणता शब्द येतो आहे हे तिला माहीत होतं. तिचे ओठ आपोआप मिटले होते. तिने हात तोंडावर ठेवला, कुणी बघत नव्हतं तरी. हा शब्द तिला पुरा करायचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाट बघणं कठीण जात होतं.

“अहो, रस्ता सार्वजनिक आहे,” बाजूने जाणारा एक लुनावाला म्हणाला. “आम्हालाही घरं आहेत.”

सिग्नल पुन्हा लाल झाला. चौकातला हवालदार शिट्टी हातात धरून इकडे निघाला.

“प्रेम आहे,” प्रज्ञेश म्हणाला. खांदे खाली आले. “झालं.”

तिने पर्स मांडीवर ओढली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या मते हे उत्तर पुष्कळ स्पष्ट होतं.

“मला दिसत नाहीये,” तो म्हणाला. “सांगावं लागेल.”

“त्या दिवशी मी खोटं बोलले.”

शेजारी एक ट्रक येऊन घरघरत उभा होता. “काय?”

“खोटं बोलले मी,” ती मोठ्याने म्हणाली. “तुमचं बोलणं सुटावं म्हणून.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझंपण आहे,” आम्रपाली ओरडली. “प्रेम. तुमच्यावर. पहिल्यापासून.” आणि नेमका त्याच वेळी ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं होतं.

चौकात क्षणभर शांतता झाली. सायकलवरच्या एका आजोबांनी घंटी वाजवली, का ते त्यांनाच ठाऊक. हवालदार येऊन पोचला, दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाला, “ऐकलं सगळ्यांनी. आता हिरवा झाला की निघा.”

“अठरा महिने आहेत,” प्रज्ञेश हळूच म्हणाला.

“मला थांबण्याचाच पगार मिळतो,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते, आवाज मात्र ठणठणीत होता.

त्याने हात लांब करून आरसा आभाळावरून खाली वळवला, थोडा आणखी, थोडा इकडे, तिचा चेहरा पुरता त्यात येईपर्यंत. मग किक मारली. संगम पूल आला, गेला, नदीवरून गार वारा आला. विश्रांतवाडीपर्यंत दोघांपैकी कुणीही एक अक्षर बोललं नाही.